दिव्याने स्वतःचं काढलेलं चित्र

लाल २१४, हिरवा ३१, निळा २८.

चौकशी समितीच्या प्रमुख वागळे मॅडमनी हे तीन आकडे मोठ्याने वाचले, चष्मा नाकावर खाली घेतला आणि विचारलं, "मंजिरी तोडणकर, हा कोणता रंग झाला?"

मंजिरीने उत्तराला वेळ घेतला. खरं तर वेळ घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. पडद्यावरच्या कुठल्याही ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती मिसळलाय ते शून्य ते दोनशे पंचावन्न अशा आकड्यांत सांगता येतं. लाल दोनशेच्या पार गेलेला, बाकीचे दोघे तिशीत रेंगाळणारे. याला कुणीही एकच नाव देईल.

"लाल," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

पहिल्या बाकावर तिची सख्खी थोरली बहीण कल्याणी बसली होती. तिने मान वळवून मंजिरीकडे पाहिलं. रागाने नव्हे. आपलंच घर समजून भलत्याच घरात शिरलेलं माणूस बघतं, तसं.

शिरंबे बंदराच्या जलप्रकल्पातली ती प्रशिक्षणाची खोली होती. समुद्राचं खारं पाणी या प्रकल्पात गोडं होतं, त्यात क्लोरीन मिसळतो आणि मग ते अर्ध्या किनाऱ्याच्या नळांना जातं. क्लोरीनच्या टाक्यांची शेड वेगळी, खाडीच्या अंगाला. तिथल्या हवेत क्लोरीन किती, हे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरचा सातवा दिवा सांगतो. हिरवा असेल तर ठीक. पिवळा झाला तर लक्ष ठेवा. लाल झाला की भोंगा वाजवून सगळ्यांना बाहेर काढा.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, एका टाकीची झडप गळली. पडद्यासमोर कल्याणी होती. तिने भोंगा वाजवला नाही. शेडमधले दोन फिटर, जाड्यार आणि मुरकर, दाराकडे धावताना पडले ते उठलेच नाहीत.

कल्याणीचं म्हणणं एकच होतं : दिवा हिरवा होता.

नोंद म्हणत होती : लाल. नोंद करणारा प्रोग्रॅम मंजिरीने लिहिलेला होता. चौकशी समितीने नोंद मान्य केली की पुढे पोलीस, कोर्ट आणि कल्याणीला तुरुंग.

बाहेर पायऱ्यांवर मंजिरीने तिला गाठलं.

"तायडे, थांब ना."

"थांबते की. निलंबित माणसाला कसली घाई?"

"मी फक्त आकडे काय म्हणतात ते सांगितलं. तू चुकलीस असं नाही म्हटलं."

"नाही म्हटलंस. शहाणी आहेस. तुझ्या प्रोग्रॅमला डोळे आहेत आणि मला दोन बटणं शिवलीत, एवढंच म्हटलंस."

"असं काय बोलतेस?"

"मंजू, मी खोटं बोलतेय असं वाटतं तुला?"

इथे पटकन 'नाही' म्हणायचं होतं. मंजिरी म्हणाली, "तुला तसं दिसलं असेल."

"असेल," कल्याणीने पर्सची चेन ओढली. "आईला सांग, रविवारी माझं पान वाढू नको."

*

दिव्याने सांगितलं तसं

प्रकल्प चालवणारं सॉफ्टवेअर जुनं होतं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. आत शिरायला दार नाही, आकडे बाहेर द्यायची सोय नाही. पडद्यावर दिवे लावणं एवढंच त्याला येई. नोंद ठेवायची तर ती कशाची?

मंजिरीने सरळ विचार केला. माणूस करतो तेच प्रोग्रॅमने करायचं : पडद्याकडे बघायचं. दर सेकंदाला प्रत्येक दिव्याच्या मध्यातला एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एकच ठिपका, उचलायचा, त्याच्या रंगाचे तीन आकडे लिहून ठेवायचे आणि लाल सापडला तर भोंगा वाजवायचा. तिने त्याला रंगवेचक असं नाव दिलं. लोक नुसतं वेचक म्हणू लागले.

वेचक छान चालला. मग लाडांचा वाढदिवस आला.

लाड हे कल्याणीसारखेच नियंत्रण कक्षातले ऑपरेटर. कर्मचारी विभागाने त्यांच्या पडद्यावर शुभेच्छांची खिडकी पाठवली. ती उघडली वरच्या कोपऱ्यात, दिव्यांवर. खिडकीत फुगे होते. सातव्या दिव्याच्या बरोबर मध्यावर एक लाल फुगा आला आणि वेचकाने इमानेइतबारे फुगा वेचला. भोंगा झाला. साडेतीनशे माणसं मुखवटे चढवून फाटकाबाहेर पळाली. कँटीनच्या कढईत वडे जळून कोळसा झाले. लाड मात्र फाटकाबाहेर उभे राहून मुखवट्यातूनच शुभेच्छा स्वीकारत होते.

त्या गोंधळातच निनाद सामंत मंजिरीच्या टेबलाशी आला. दोघं इंजिनिअरिंगपासूनचे दोस्त. तिचा पहिला प्रोग्रॅम चालेना तेव्हा रात्रीचं जेवण सोडून तो तिच्या शेजारी बसला होता. आता तो प्रकल्पाच्या दृश्यविभागाचा, म्हणजे सगळ्या पडद्यांचा, प्रमुख होता.

"मंजे, तुझा वेचक आंधळा नाही, मठ्ठ आहे," निनाद म्हणाला. "वर जे दिसेल ते उचलतो. दिव्यावर फुगा आला की फुगा. उद्या माशी बसली तर..."

"माशी नाही उचलत. माशी काचेवर बसते. वेचक काचेआधीचं चित्र बघतो."

"बरं बाई, माशी माफ. पण तू पडद्याला विचारतेसच कशाला? दिव्यालाच विचार ना."

सूचना चोख होती. पडद्यावरचं प्रत्येक बटण, प्रत्येक दिवा हा प्रोग्रॅमचा एक वेगळा घटक असतो आणि आपल्याला कसं रंगवायचं हे त्याला स्वतःला ठाऊक असतं. त्याच्यापुढे संगणकाच्या स्मृतीतला एक कोरा कागद ठेवायचा आणि सांगायचं, यावर तुझं चित्र काढून दे. तो काढून देतो. वर दुसरी खिडकी असो, फुगे असोत, दिवा पूर्ण झाकलेला असो, त्याला फरक पडत नाही. मग ठिपका पडद्यावरून न उचलता त्या चित्रातून उचलायचा.

मंजिरीने दुपारभरात बदल केला. फजितीनंतर भोंगा वेचकाच्या हातातून काढून माणसांच्या हातात दिला गेला आणि नियंत्रण कक्षात एक पाटी लागली : नाकावर नाही, दिव्यावर. कारण मधल्या काळात कल्याणीनेही एकदा वास आला म्हणून भोंगा वाजवला होता आणि तो वास धुण्याच्या पावडरीचा निघाला होता. तेव्हापासून दिवा लाल दिसल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नसे.

*

सुनावणीनंतर मंजिरी निनादच्या प्रयोगशाळेत गेली. तो खुर्चीवरून उठला, तिला बसवलं आणि न विचारता चहा मागवला.

"कशी आहे कल्याणी?"

"जेवत नाही. निन्या, मला तुझा रंगशामक पुन्हा एकदा समजावून सांग. मी मूर्ख आहे असं समजून सांग."

"समजायचं काय त्यात?" तो हसला. मग गंभीर झाला. "लाल रंग माणसं मारतो, मंजे. तुला ते खत कारखान्याचं माहितीये. पडदा लालेलाल झाला आणि घाबरलेल्या माणसाने उघडायची ती झडप बंद केली. भीतीने नजर आखडते, हात जवळच्या बटणावर पडतो. म्हणून शामक. सॉफ्टवेअर चित्र तयार करतं. ते पडद्यावर जायच्या आधी शामक ते हातात घेतो. चौकटीत एक भिंग आहे. त्यातून तो समोरच्याच्या डोळ्याची बाहुली बघतो, चेहऱ्यावरच्या शिरांचे ठोके मोजतो. माणूस घाबरला की पडद्याचे रंग जरा थंड करतो. आलेख, रेघा, चौकटी. माणूस सावरला की रंग पूर्ववत."

"सगळ्यांना सारखेच थंड?"

"छे. नवा चेहरा दिसला तर शामक काहीच करत नाही, महिनाभर नुसता बघतो. मग शिकतो, हा किती घाबरतो, याला कितपत थंड केलं की ठोके जागेवर येतात. मी स्वतः वर्षभर त्याच्यासमोर बसलो. माझ्यापेक्षा तो मला जास्त ओळखतो. बायको चिडवते त्यावरून."

"आणि दिवे?"

"दिवे वगळलेत." त्याने कप खाली ठेवला. "नियमच आहे, धोक्याच्या दिव्याच्या रंगाला कुणी हात लावायचा नाही. लाडांना विचार, दुसऱ्या पाळीतल्या बाईंना विचार. लाल असतो तेव्हा त्यांना लालच दिसतो."

"मग ताईला हिरवा कसा दिसला?"

निनादने तिच्या हातावर हात ठेवला.

"भीती आठवणसुद्धा रंगवते गं. तिला तो हिरवा हवा होता. आता तिला तो हिरवा आठवतोय. खोटं नाही बोलत बिचारी. हे मी समितीला सांगेन. दया दाखवतील."

मंजिरीला रडू आलं. त्याने खिशातला रुमाल दिला. परतताना जिन्यावर तिच्या मनात आलं, निदान एक माणूस तरी आपल्या बाजूला आहे. बहिणीच्या बाजूचं काही ऐकायला ती गेली होती, ती बहिणीला वेडी ठरवणारं उत्तर घेऊन निघाली होती, आणि ते तिला पटलंही होतं.

*

"दया?" कल्याणी भाजी निवडता निवडता म्हणाली. "दया कसली? मी काय भिकारीण आहे?"

"ताई, निनाद चांगल्यासाठीच म्हणतो. भीतीने माणसाला..."

"माझ्या भीतीचं मला नको शिकवू. गॅस बंद केला का बघायला तीनदा मागे फिरणारी मी. सगळं गाव हसतं." तिने जुडी बाजूला सारली. "त्या दिवशी मला वास आला, मंजू. झणकन आला. अंगावर काटा आला. मी दिव्याकडे बघितलं. हिरवा."

"साधा हिरवा?"

"साधा कुठला! एरवी असतो त्याहून हिरवा. अशी ताजी कोथिंबीर असते ना, तसा. मी खिडकीपाशी गेले, वास वाढला, छातीत धडधडायला लागलं. परत येऊन बसले, बघितलं, तर आणखीच हिरवा. म्हटलं, बाई गं, तू वेडी आहेस, मागच्या वेळी पावडरीच्या वासाने फाटकाबाहेर पळवलंस सगळ्यांना. पाटी समोरच होती. नाकावर नाही."

मंजिरीने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"काय झालं? बघतेस काय अशी?"

"तू घाबरलीस की तो जास्त हिरवा व्हायचा?"

"तेच सांगतेय ना मघापासून."

आठवण रंगवणाऱ्या माणसाला दिवा हिरवा आठवेल. पण भीतीच्या मापाने पायरी पायरीने हिरवा होत गेलेला आठवणार नाही. तसं आठवायला तसं घडावं लागतं.

कल्याणीने जुडी पुन्हा ओढून घेतली. "घरी आलीच आहेस तर देठं काढ."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजिरीने चाचणी कक्षातल्या संगणकावर आपला जुना वेचक शोधून चालू केला, पडद्यावरून ठिपका उचलणारा. शेजारी नवाही चालू ठेवला, दिव्याला चित्र काढायला लावणारा. समोर शामकाचा पडदा. आता शामक दिव्यांना हात लावत असेल तर दोघांच्या आकड्यांत फरक पडायलाच हवा.

फरक पडला नाही. लाल तर दोन्हीकडे लाल.

अर्थात. तिचा चेहरा शामकाला नवा होता. तो नुसता बघत होता.

तिने लाडांना बसवलं. त्यांना शामक चांगला ओळखत होता, पण लाडांच्या अंगावर भिंत पडली तर ते उठून वीट कुठल्या भट्टीची ते बघतील, घाबरणार नाहीत. आकडे जुळले. तिने वागळे मॅडमची परवानगी काढून कल्याणीला आणलं. निलंबनाबरोबर शामकातलं तिचं खातं पुसलं गेलं होतं. शामकाला तीही आता नवीच, आणि पुसलं गेलं नसतं तरी उपयोग नव्हता.

"जरा घाबरून बघ ना, ताई."

"आता कशाला घाबरू?" कल्याणी लाल दिव्याकडे शांतपणे बघत म्हणाली. "व्हायचं ते झालं की."

म्हणजे ही यंत्रणा अशी होती : जो निर्धास्त आहे त्याला ती खरं दाखवते. कॅमेऱ्याला खरं दाखवते, समितीला खरं दाखवते. ज्याचा जीव सगळ्यात जास्त तुटतो, फक्त त्याच्याशी खोटं बोलते. आणि त्याचा साक्षीदार दुसरा कुणी असू शकत नाही.

एक साक्षीदार होता. पडद्यावरून उचलणारा वेचक कुणाच्या भीतीचा हिशेब ठेवत नव्हता. कल्याणीसमोर जे होतं तेच त्याने उचललं असतं. पण त्या दुपारी तो कामावर नव्हता. मंजिरीने स्वतःच्या हाताने त्याला काढून टाकलं होतं.

*

पडद्यावर होतं तसं

निनादची प्रयोगशाळा प्रकल्पाच्या दुसऱ्या टोकाला. काही हवं असलं की तो फोन करी, मंजिरी जाई. तो तिच्या टेबलाशी आला असा एकच दिवस तिला आठवत होता.

फुग्याच्या त्या दिवशी लोकांनी अजून मुखवटे उतरवले नव्हते. वेचकाने फुगा वेचला हे तोवर फक्त तिला कळलेलं होतं आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

उपाय त्याच्याकडे तयार होता.

"तू पडद्याला विचारतेसच कशाला?"

नियंत्रण कक्षात शामक बसला तो त्याच्या पुढच्याच आठवड्यात.

तिने हे तुकडे पुढे मागे लावून पाहिले. प्रत्येक वेळी दोन चित्रं निघत. एका चित्रात हुशार दोस्त, ज्याने फुग्याची भानगड ऐकण्याआधीच ओळखली आणि चांगला सल्ला दिला. सल्ला चांगलाच होता, आजही तिने तोच दिला असता. दुसऱ्या चित्रातल्या माणसाकडे ती फार वेळ बघत नव्हती.

*

"सामंतांनाच का बसवायचं?" वागळे मॅडमनी विचारलं.

"शामक त्यांना वर्षभर ओळखतो. त्यांचं खातं शाबूत आहे."

"पण ते घाबरतील कशाला? त्यांनी काही केलं नसेल तर?"

"तर नाही घाबरणार, मॅडम," मंजिरी म्हणाली. "मग आकडे जुळतील आणि मी गप्प बसेन."

मॅडमनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला काय व्हायला हवंय?"

मंजिरीने समोरचे कागद नीट रचले.

निनाद आनंदाने तयार झाला. दिवे वगळलेत हे सगळ्यांसमोर एकदा दाखवून टाकू, म्हणाला. मॅडमनी एकच अट घातली : निकाल पडद्यावर नको, कागदावर हवा. गोदामातून एक खडखडणारा जुना छापयंत्राचा डबा आणून त्यांच्या टेबलावर ठेवला गेला. कागदावर दोन रकाने. डावीकडे दिव्याने सांगितलेला रंग. उजवीकडचा रकाना काय आहे ते कुणी विचारलं नाही.

खोली तीच. कल्याणी पहिल्या बाकावर. निनाद शामकाच्या पडद्यासमोर बसला आणि त्याने मानेभोवती नसलेला टॉवेल नीट केला.

"हजामतीला बसल्यासारखं वाटतंय. मॅडम, कल्ले जरा बारीक ठेवा."

समितीतले दोघे हसले. मंजिरीही हसली. सवयीने.

मॅडमनी आपल्या टेबलावरून सातवा दिवा हिरवा केला.

"हिरवा," निनाद म्हणाला.

मग पिवळा. "पिवळा." मग लाल.

"लाल. झकास लाल."

छापयंत्र खडखडत होतं. दोन्हीकडे लाल २१४, हिरवा ३१, निळा २८. पुढच्या ओळीत तेच. त्याच्या पुढच्या ओळीत तेच.

मंजिरीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. निन्या स्वच्छ आहे. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला पूर्ण श्वास घेता आला, आणि तो घेताना तिची नजर कल्याणीवर गेली. दोन्ही रकाने जुळणं म्हणजे काय ते कल्याणीला कळत होतं. ती मांडीवरचे हात बघत होती.

एक वाक्य उरलं होतं. ज्याला काही माहीत नाही त्याच्या दृष्टीने त्या वाक्यात काहीच नव्हतं.

"निन्या," मंजिरी म्हणाली, "उजव्या रकान्यात आज जुना वेचक आहे. पडद्यावरून उचलणारा."

समितीतल्या एकाने जांभई दाबली. वागळे मॅडम कागदाकडे बघत राहिल्या.

यावर निनादने म्हणायचं होतं, बरं, मग? एवढंच. मंजिरी त्याची वाट बघत होती. आयुष्यात तिने कशाचीच इतकी वाट पाहिली नव्हती.

तो हसतच होता. हसू चेहऱ्यावर होतं तिथेच राहिलं.

लाल २१४, हिरवा ३१, निळा २८ · लाल २१४, हिरवा ३१, निळा २८

लाल २१४, हिरवा ३१, निळा २८ · लाल २०७, हिरवा ५८, निळा २९

लाल २१४, हिरवा ३१, निळा २८ · लाल १९०, हिरवा १२१, निळा ३४

"सामंत," मॅडमनी मान वर न करता विचारलं, "आता कोणता रंग?"

"लाल," निनाद म्हणाला.

तो बरोबर बोलला होता. डावा रकाना लालच होता. पण त्याच्या डोळ्यांसमोरचा दिवा पिवळ्यातून पुढे सरकत होता, आणि तो दिसत असलेला आणि त्याचा अर्थही समजणारा त्या खोलीत तो एकटा होता. हिरवा दिसतोय म्हणजे शामकाने भीती ओळखली. ओळखली म्हणजे उजव्या रकान्यात उतरली. उतरली हे कळल्यावर भीती आणखी वाढणार. ती वाढली की दिवा आणखी हिरवा. त्याने नजर हटवायचा प्रयत्न केला, पण भिंग त्याच्या नजरेवर अवलंबून नव्हतं. कानशिलावरची शीर त्याला पुरत होती.

"लालच आहे तो," तो पुन्हा म्हणाला. या खेपेला जरा मोठ्याने.

लाल २१४, हिरवा ३१, निळा २८ · लाल ४४, हिरवा १८६, निळा ६१

कल्याणी उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती टेबलाला वळसा घालून निनादच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि पडद्याकडे वाकली.

"हाच," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "मंजू, इकडे ये, बघ ना. हाच गं तो हिरवा."

मंजिरी गेली नाही. तिला इथून निनादची पाठ दिसत होती.

"दिवे घातल्याशिवाय ते चालतच नव्हतं," निनाद त्या हिरव्याकडे बघत म्हणाला, मॅडमना की मंजिरीला ते कळत नव्हतं. "दिवे वगळले की शामकाचा उपयोगच राहत नव्हता. माणूस बघतो ते दिव्याकडेच ना? मी थोडंच थंड ठेवलं होतं. ते आपोआप शिकत गेलं. तिच्या बाबतीत फार शिकलं."

"हे तुम्हाला कधी कळलं?" मॅडमनी विचारलं.

छापयंत्र चालू होतं. हिरवा १९३. हिरवा २०१.

"गळतीच्या दिवशीच?"

हिरवा २१२.

मॅडमनी पेन उचललं आणि कागदाच्या कडेला वेळ लिहिली. त्यांचं काम झालं होतं. समितीतला जांभई देणारा सदस्य आता खुर्चीच्या टोकाशी आला होता. कल्याणी डोळे पुसत पुसत हसत होती, आणि पुन्हा पुन्हा पडद्याकडे बोट दाखवत होती.

म्हणजे रुमाल दिला तेव्हा त्याला माहीत होतं. चहा मागवला तेव्हाही.

मंजिरीला अजून एक विचारायचं होतं. त्या दिवशी तिच्या टेबलाशी तो आला होता, तो दोस्त म्हणून की वेचकाचे डोळे काढायला? हे आत्ता, मोठ्याने विचारलं तर निनादने तोंड उघडायचीही गरज नव्हती. उत्तर पुढच्याच ओळीत छापून आलं असतं, तीन आकड्यांत, चुकण्याची शक्यता नसलेलं.

ती पुढे झाली. निनादने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलेल असं वाटलं.

तिने हात लांब करून वेचक बंद केला.